शिष्यवृत्ती की फिरती ढाल?

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर देवासहून मित्राचा फोन आला. मुंबईत नोकरीला असताना आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. मी गोव्याचा, तो देवासचा. पवारांबरोबर माळव्यात गेलेल्या मराठी घरांपैकी त्याचं एक. घरात मराठी, गल्लीत माळवी, कचेरीत हिंदी. एरवी त्याचा फोन म्हणजे हसण्या-खिदळण्याचा. या वेळी आवाज पडलेला होता.

त्याचा पुतण्या गेला होता. वय एकोणीस. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता, धारला खोली घेऊन राहायचा. ताप आला, आठ दिवसांत सगळं संपलं. त्याला आता सहा महिने झाले होते. घरच्यांनी दोन लाख रुपये जमवले होते आणि त्याच्या नावानं कॉलेजात स्कॉलरशिप ठेवायची ठरवली होती. मित्र म्हणाला, "तू लिहिणारा माणूस आहेस. पाटीवरचा मजकूर मराठीत आणि हिंदीत लिहून दे. वहिनींची इच्छा आहे." पाठोपाठ त्यानं कॉलेजनं तयार करून दिलेला कागदही पाठवला.

कागद वाचला आणि मजकूर लिहायचं बाजूलाच राहिलं. कागदात होतं ते एवढंच: बी.एस्सी.च्या अंतिम वर्षात विद्यालयात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास दर वर्षी अमुक रुपये रोख व स्मृतिचिन्ह. वितरण वार्षिक स्नेहसंमेलनात, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. मंचावर दिवंगत विद्यार्थ्याची प्रतिमा. रक्कम मुदत ठेवीत, व्याजातून बक्षीस. खाली सह्यांसाठी जागा.

कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण हा कागद एका कॉलेजचा नाहीच. देवासला जा, धारला जा, कोल्हापूर, सांगली, फोंडा, मडगाव, कुठेही जा. कार्यालयातल्या कपाटात असाच कागद सापडेल, फक्त गेलेल्या मुलाचं नाव वेगळं. मी आजवर असे डझनभर तरी समारंभ पाहिलेत, दोन-चार ठिकाणी पाहुणा म्हणून बक्षिसंही वाटली आहेत. म्हणजे मीही त्यातलाच. म्हणूनच आता बोलायचं ठरवलं आहे.

आधी शब्दच बघा. शिष्यवृत्ती. यातली 'वृत्ती' म्हणजे स्वभाव नव्हे, उपजीविका. शिकणाऱ्याला शिकता यावं म्हणून त्याच्या पोटापाण्याची केलेली सोय. आपल्याकडे ही सोय पूर्वी कशी व्हायची ते आजोबांच्या तोंडून अनेकांनी ऐकलं असेल. वार लावून जेवायचं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. ज्याचा वार चुकला त्यानं उपाशी झोपायचं. गरीब मुलं अशी शिकली. (कुठल्या जातीच्या मुलाला कुठल्या घरी वार मिळायचा आणि कुणाला मुळीच मिळत नव्हता, हा त्यातला काळा भाग. त्याकडे पुढे येतो.) पण वार देणारी बाई मुलाला मार्क किती पडले ते विचारत नव्हती. मुलगा शिकतोय आणि भुकेला आहे, एवढं तिला पुरे होतं.

मार्कांवर जे देतात त्याला मराठीत दुसरा शब्द आहे, पारितोषिक. तेही वाईट नाही. मुंबई विद्यापीठाची जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती नावानं शिष्यवृत्ती असली तरी मान होता तो पहिलं येण्याचा. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली मॅट्रिकला ती मिळवली, हे अजून कौतुकानं सांगितलं जातं. नाना शंकरशेट १८६५ साली गेले ते भरल्या आयुष्यानंतर. मोठं काम उभं करून गेलेल्या माणसाच्या नावानं हुशार मुलाचा सत्कार व्हावा, यात काही विसंगत नाही.

पण दुसऱ्या वर्षाला असताना जो मुलगा गेला, त्याचं काय उभं राहिलं होतं? काहीच नाही. त्याचं शिक्षण अर्धं राहिलं, दुःख आहे ते त्याचं. मग त्याच्या नावाचे पैसे कुणाकडे जायला हवेत? ज्याचं शिक्षण अर्धं राहायच्या बेतात आहे त्याच्याकडे. की जो तसाही पास होणार आहे, पहिला येणार आहे, पुढे इंदूरला एम.एस्सी. करणार आहे, त्याच्याकडे? याहून सरळ प्रश्न मला सुचत नाही, आणि आपण सगळे उत्तर मात्र उलटं देतो.

आता त्या मुलाच्या खोलीचं सांगतो. धारला तो एकटा राहत नव्हता. गंधवानीकडच्या खेड्यातला एक मुलगा त्याच्या खोलीत भागीदार होता. भाडं निम्मं-निम्मं, स्टोव्ह एक. पुतण्या गेल्यावर घरच्यांनी त्याचं सामान आणलं. घरमालकानं दोन महिने वाट पाहिली. दुसऱ्या मुलाला एकट्याला भाडं झेपेना, नवा भागीदार मिळेना. तो गावी गेला, परीक्षेचा फॉर्म भरायला परत आलाच नाही. हे मित्रानंच सांगितलं, सहज, दुसरं काही बोलताना. मी विचारलं, "त्याला किती मार्क असायचे?" म्हणाला, "असतील पन्नास-पंचावन्न टक्के. का?"

का? कारण तुमच्या कागदाप्रमाणे तुमच्या पुतण्याच्या नावाचा एक रुपयासुद्धा त्याच्या खोलीतल्या मुलाला मिळू शकत नाही!

कुणी म्हणेल, गरिबांसाठी सरकार आहे ना. आहे. सरकारनं पुष्कळ केलंय, तेही मान्य. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पण ती हातात पडते कधी, हे कुठल्याही वसतिगृहात जाऊन विचारा. घरमालक आणि खानावळवाला तोवर थांबत नाहीत. मध्य प्रदेशानं २००५ साली 'गांव की बेटी' योजना आणली. खेड्यातून बारावी पास होऊन कॉलेजात जाणाऱ्या मुलीला महिना ५०० रुपये, वर्षाचे १० महिने. अट काय, तर बारावीत पहिला वर्ग. २०१७ साली मेधावी विद्यार्थी योजना आली, कॉलेजची फी सरकार भरणार. त्यातही राज्य मंडळाच्या मुलांना ७० टक्क्यांची अट. म्हणजे सरकारसुद्धा गरिबी मोजताना हातात गुणपत्रिका घेऊनच बसतं. सरकारचं मी समजू शकतो, त्याला लाखो अर्जांना चाळणी लावायची असते. पण एका आईबापाला दोन लाखांसाठी तीच चाळणी का लागावी? पंचावन्न टक्केवाला गरीब मुलगा सगळ्यांच्या चाळणीतून खाली पडतो. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासींची आहे. घरातलं पहिलंच पोर कॉलेजात जातंय अशी घरं तिथं ठिकठिकाणी. त्या पोराचे पंचावन्न टक्के आणि इंदूरच्या क्लासला जाणाऱ्याचे पंच्याऐंशी टक्के एकाच काट्यावर घालायचे, आणि वर म्हणायचं, आम्ही निःपक्षपाती!

आता पैशाचा हिशोब करू. तो कुणी करत नाही, कारण शोकात हिशोब करणं बरं दिसत नाही. दोन लाख ठेवीत टाकले, साडेसहा टक्के व्याज धरलं, तर वर्षाला १३,००० येतात. आज ठीक. पण महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बारा वर्षांत त्या १३,००० ची किंमत निम्मी होते, चोवीस वर्षांत पाव. मूळ रक्कम तीच, व्याज तेच, बक्षीस तेच. म्हणून तर आपल्या कॉलेजांत अजून ५१ रुपयांची, १०१ रुपयांची पारितोषिकं दिली जातात. कुणी एके काळी दागिना मोडून ठेवलेली ती रक्कम असते. आज त्या पाकिटावर पैशापेक्षा नाव छापायचाच खर्च जास्त! निवेदक घाईघाईनं नाव वाचतो, ते चुकीचंही वाचतो, मागच्या रांगेतली मुलं हसतात. ज्या आईनं ते ठेवलं ती बहुतेक हयात नसते. असली तर ती हे बघायला येऊ नये, अशी प्रार्थना करावी.

हेच दोन लाख दहा वर्षांत मुद्दलासकट संपवायचे ठरवले तर? त्याच व्याजानं वर्षाला २७,००० च्या वर पडतात. दुपटीहून जास्त. एका मुलाचं वर्षभराचं खोलीभाडं, किंवा पाच-सात मुलांचे अडलेले परीक्षा फॉर्म. दहा वर्षांनी खातं रिकामं. पण या दहा वर्षांत त्याला ओळखणारे प्राध्यापक, मित्र, आईवडील, सगळे असतील. पैसे कुणाला गेले, तो पुढे काय झाला, हे त्यांना बघता येईल. 'यावच्चंद्रदिवाकरौ' हा शब्द ताम्रपटातला. ज्याच्याकडे राज्य नाही त्यानं ठेवीच्या पावतीवर तो लिहू नये.

आणि ज्याच्याकडे राज्य होतं, त्यानं काय केलं ते सांगतो. गोष्ट कोल्हापूरची आहे, पण देवासच्या वाड्यात तिचं सुतक पाळलं गेलं असणार. देवासच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार, ज्यांच्या पदरी इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ साली नोकरीला होता आणि ज्यांच्यावर त्यानं पुढे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक काढलं, त्यांचं लग्न १९०८ साली राजर्षी शाहू महाराजांच्या कन्येशी, राधाबाई ऊर्फ आक्कासाहेबांशी झालं होतं. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरला दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाले. देवास आणि कोल्हापूर असं रक्तानं बांधलेलं आहे.

या आक्कासाहेबांचा धाकटा भाऊ प्रिन्स शिवाजी. जन्म १८९९. १२ जून १९१८ रोजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेला. वय एकोणीस. माझ्या मित्राच्या पुतण्याएवढंच. वर्षभरापूर्वी लग्न झालेलं. पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा अकरा वर्षांच्या!

शाहू महाराज राजा होते. त्यांना पुतळा परवडला असता, मनोरा परवडला असता, सोन्याचं पदक तर सहजच. मुलाच्या नावानं १९२० साली कोल्हापुरात त्यांनी उभं केलं ते श्री प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाउस. फ्री. फुकट राहायचं, जेवायचं आणि शिकायचं. खेड्यातून येणारा मुलगा कोल्हापुरात कुठे राहील, काय खाईल, हाच प्रश्न त्यांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढताना हातात घेतला होता. शाळा फुकट केली तरी जो मुलगा वीस कोसांवरून येतो त्याला आधी छप्पर आणि भाकरी लागते, हे त्यांना पक्कं कळलेलं होतं. मुलगा गेल्यावर त्यांनी नवीन काही शोधलं नाही. जे काम चालू होतं त्यातच त्याचं नाव घातलं.

आणि त्या अकरा वर्षांच्या सुनेला काय केलं? सोवळ्यात बसवलं नाही. शिकवलं. घरातून विरोध असताना शिकवलं. महाराज स्वतः १९२२ साली गेले, पण इंदुमतीदेवी १९२५ साली मॅट्रिक झाल्या आणि पुढे कोल्हापुरात त्यांनी मुलींच्या शिक्षणाचं काम केलं. माझ्या मते प्रिन्स शिवाजीचं पहिलं स्मारक तेच. ज्याचं आयुष्य मध्येच तुटलं त्याच्यामुळे जिचं आयुष्य तुटायच्या बेतात होतं, तिला सावरलं. बोर्डिंग हे दुसरं स्मारक. दोन्हींमध्ये विचार एकच आहे.

इथं काही वाचक हात वर करतील. म्हणतील, ती बोर्डिंगं जातीजातींची होती. हो, होती. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, आमच्या गौड सारस्वतांचंही एक. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ सालचं मिस क्लार्क बोर्डिंग. प्रत्येक समाजानं आपल्या मुलांची जबाबदारी घ्यावी आणि दरबारानं मदत द्यावी, असा तो हिशोब होता. तो त्या काळापुरता समजून घेता येतो. जिथं वार लावून जेवायलासुद्धा जात आड येत होती, तिथं आधी प्रत्येकाला कुठेतरी पान मिळणं महत्त्वाचं होतं. पण आज, शंभर वर्षांनंतर, गेलेल्या मुलाच्या नावानं ठेवलेल्या पैशाला "आमच्या ज्ञातीतील विद्यार्थ्यास प्राधान्य" अशी शेपटी लावणारी घरं मी पाहिलीत. चांगली शिकलेली घरं. मुलाच्या खोलीत भागीदार कोण आहे हे त्या मुलानं जात विचारून ठरवलं नव्हतं. त्याच्या मागे त्याच्या नावानं आपण ती विचारायची? शाहूंचं नाव घ्यायचं तर त्यांची भाकरी घ्या, १९२० ची विभागणी घेऊ नका.

मुलगा गेल्यावर आईबापांनी दुसऱ्याच्या मुलांकडे वळावं, हे केवळ आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत लेलँड स्टॅनफर्ड नावाचा रेल्वेसम्राट होता. त्याचा एकुलता एक मुलगा १८८४ साली इटलीत फ्लॉरेन्सला टायफॉइडनं गेला. सोळा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आईबापांनी त्याच्या नावानं १८८५ साली विद्यापीठ स्थापलं, १८९१ साली ते उघडलं. आज स्टॅनफर्ड म्हटलं की डोळ्यांसमोर कॉम्प्युटर आणि कोट्यवधींच्या कंपन्या येतात. पण पहिली जवळजवळ तीस वर्षं, १९२० पर्यंत, तिथं शिकवणीची फी घेत नव्हते, हे किती जणांना माहीत आहे? मुलाच्या नावाचं विद्यापीठ, तर त्यात दुसऱ्याच्या मुलाला फीसाठी दारात अडवायचं नाही. कोल्हापूरच्या राजाला आणि कॅलिफोर्नियाच्या शेठला दुःखानं एकच गोष्ट शिकवली. आपल्या कॉलेजच्या वार्षिक समारंभापर्यंत मात्र ती पोचलेली नाही.

आता आक्षेपांकडे येतो. मित्राच्या घरी हे सगळे निघाले, त्यामुळे मी कल्पनेतून काही लिहीत नाही.

पहिला आक्षेप: मार्क दिसतात, गरज दिसत नाही. गरज ठरवायला बसलं की वशिले सुरू होतात. अर्धं खरं आहे. पण गरज दिसत नाही हे खोटं. कॉलेजातल्या फीच्या खिडकीवर जो बाबू बसतो त्याला सगळी माहिती असते. कुणाचा हप्ता तुंबलाय, कोण तीनदा मुदत मागून गेला, कोण परीक्षेचा फॉर्म न भरता नाहीसा झाला. प्रयोगशाळेतल्या शिपायाला माहीत असतं कोण डबा आणत नाही. ज्याला बघायचं आहे त्याला दिसतं. वशिल्याची भीती असेल तर दोन शिक्षक, एक बाबू आणि घरचं एक माणूस बसवा आणि कारण एका वहीत लिहून ठेवा. पहिल्या नंबराची यादी सोपी आहे म्हणून ती आपण न्याय्य म्हणतो. खरं म्हणजे ती फक्त सोपी आहे.

दुसरा: गरज बघून दिलं तर मुलाला कमीपणा वाटेल. कमीपणा देण्यानं येत नाही, मंचावर बोलावण्यानं येतो. निवेदकानं माइकवर "अत्यंत गरीब परिस्थितीतील" म्हणायचं, मुलीनं मान खाली घालून पाहुण्यांच्या पाया पडायचं, गेलेल्या मुलाच्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून फोटो काढायचा, मग आईबापांना हुंदका येणार, तो वर्तमानपत्रात छापून येणार. कोणासाठी हे सगळं? पैसे फीच्या खिडकीवर भरून टाका. मुलाच्या हातात पावती द्या, पावतीवर नाव असू द्या. बाकी कुणाला कळायची गरज नाही.

तिसरा: मग हुशारीला उत्तेजन कोण देणार? सगळे. सरकार, बँका, ज्ञातिसंस्था, क्लासवाले, वर्तमानपत्रं. निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलाच्या घरी पेढ्यांचे पुडे ठेवायला जागा नसते. त्यात आपली एक ढाल नसली तर तो नापास होणार नाही.

गोव्यातल्या वाचकांनी हे माळव्याचं गाऱ्हाणं म्हणून सोडून देऊ नये. आमची सर्वसाधारण कॉलेजं, धेंपे आणि चौगुले, सुरू झाली १९६२ साली. त्याआधी बी.ए. व्हायचं म्हणजे बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई. मावशीच्या ओटीवर झोपून, कुणाच्या दुकानात हिशोब लिहून माणसं शिकली. आणि त्याही आधी, १९०८ साली, पणजीत शाळेसाठी लोकांनी घराघरातून मूठमूठ तांदूळ जमवले. म्हणून त्या संस्थेचं नावच मुष्टिफंड. मुठीमुठीनं जमवणाऱ्यांना ठाऊक होतं की शिक्षणाची अडचण पोटापाशी असते. त्यांची आम्ही नातवंडं-पतवंडं आता बक्षीससमारंभात शाल-श्रीफळ घेतो, देतो, आणि फोंड्याच्या स्टँडवर पासाचे पैसे नाहीत म्हणून आठवड्यातले दोन दिवस कॉलेजला न जाणारी मुलगी कुणाच्या यादीत नसते.

देवासला मी मजकूर पाठवला नाही. स्वतः गेलो. टेकडीवर चामुंडेचं दर्शन घेऊन संध्याकाळी त्यांच्या घरी बसलो. वर लिहिलेलं सगळं बोललो, कदाचित जरा जास्तच जोरात. पुतण्याचे वडील ऐकत होते. दहा वर्षांत पैसे संपवायचे, मंच नको, मार्कांची अट नको, जातीची नको, पहिल्या वर्षी त्या खोलीतल्या मुलाला शोधायचं, इथपर्यंत त्यांनी मान हलवली. मग आतून वहिनी आल्या. त्या म्हणाल्या, "भावजी, तुमचं सगळं पटतं. पण मग त्याचं नाव कुठे राहणार? वर्षातून एकदा कुणीतरी ते मोठ्यानं घ्यावं, एवढंच मला हवं होतं."

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. इतका वेळ मी ज्या समारंभाची टिंगल करत होतो, त्यात या बाईला मिळणारी एकच गोष्ट होती आणि ती मी काढून घ्यायला निघालो होतो. हा आक्षेप खरा आहे. बाकीच्या तिन्हींपेक्षा खरा. मंचावरून नाव घेतलं जातं ते आईसाठी, आणि आईला ते हवं असण्यात काहीही चूक नाही. चूक आमची, कारण नाव घ्यायची दुसरी रीतच आम्ही तिला दाखवलेली नाही.

मग मी त्यांना पुन्हा प्रिन्स शिवाजीचं सांगितलं. एकोणीस वर्षांचा तो राजपुत्र आज कुणाला आठवतो? त्यानं काही केलं नव्हतं, करायला वेळच मिळाला नाही. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यांतून आलेल्या किती मुलांनी घरी पत्र लिहिताना वर पत्ता घातला असेल, प्रिन्स शिवाजी बोर्डिंग, कोल्हापूर. पोस्टमननं ते नाव वाचलं असेल, आईनं शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं असेल. पुढे त्याच संस्थेनं शाळा-कॉलेजं काढली, तिथल्या मुलांच्या दाखल्यावर आजही ते नाव आहे. ते शोकानं घेतलं जात नाही. राहायला, जेवायला, शिकायला गरज पडली म्हणून घेतलं जातं.

वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फीच्या पावतीवर नाव मोठ्या अक्षरात छापायला सांगा." दुसऱ्या दिवशी मित्र आणि त्याचा भाऊ गाडी काढून गंधवानीकडे निघाले. मुलाचं गाव त्यांना नीट माहीत नव्हतं, विचारत विचारत जाणार होते.

कॉलेजच्या बाबूनं नवा कागद बघून विचारलं म्हणे, "और फिर प्रोग्राम कब रखना है?" प्रोग्राम नाही, असं त्याला सांगितलं. त्याला ते अजून नीटसं कळलेलं नाही.